पेशंट आहे, सोडून द्या सिस्टर

रातपाळी

परिचारिकांचा लैंगिक छळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची नर्स अरुणा शानबाग, आणि दुसरी म्हणजे केबिनमध्ये बोलावून दार लोटणारा बडा डॉक्टर. दोन्ही खोट्या नाहीत. पण पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर, मला आणि माझ्या बरोबरीच्या मुलींना ज्याने खरा जीव नकोसा केला ते या दोन्हींत बसत नाही. ते रोजचं आहे आणि कुठल्याच रजिस्टरात नाही.

बीपी घेताना कफ बांधायला वाकावं लागतं. ज्याला खरंच बरं नाही तो हात सैल सोडून देतो. दुसरा एक प्रकार असतो. तो कोपर हळूच बाहेर काढतो, बोटं पसरतो आणि छताकडे बघत राहतो. तुम्ही मागे सरकलात की म्हणतो, "काय झालं सिस्टर?" हर्नियाचं ऑपरेशन होऊन खालच्या टपरीवर चहा पिऊन येणारा गडी रात्री अकराला बेल मारतो आणि टाके बघा म्हणून चादर बाजूला करतो. मामाला, म्हणजे वॉर्डबॉयला, पाठवलं की दुखायचं थांबतं. शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक हसतात. त्यातल्या कुणीतरी मोबाईल उभा धरलेला असतो, तो रील बघतोय की तुमचं शूटिंग करतोय कळायला मार्ग नाही. नाव गणवेशावर लावलेलंच असतं, त्यामुळे ड्युटी संपवून घरी पोचेपर्यंत इन्स्टावर रिक्वेस्ट आलेली असते.

स्टाफचाही वाटा आहेच. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, दोन ट्रॉल्यांच्या मधून आरामात जाता येत असताना घासून जाणारे. केस चालू असताना स्क्रब केलेल्या सिस्टरला ऐकू जाईल अशा बेताने घाणेरडे विनोद सांगणारे. ती तिथून हलू शकत नाही, हातात ग्लोव्हज, पुढे उघडं पोट. कानावर हातही ठेवता येत नाही, स्टराइल असतात.

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला वॉर्ड सोपवताना, यातलं काही सांगितलं तर इन्चार्ज म्हणतात, "पेशंट आहे, सोडून द्या. उद्या तुला फिमेल साइडला टाकते." विषय संपला. मुलगी हलते, पेशंट तिथेच राहतो, आणि त्याच्या वाट्याला दुसरी मुलगी येते, बहुधा तिच्याहूनही नवीन.

मला राग याचा येतो की आमच्याइतकं लिहिणारी जमात हॉस्पिटलात दुसरी नाही. युरिन बॅगेत किती मिली, ड्रेनचा रंग कसा, पेशंट रात्री दोनला किती वेळ जागा होता, सगळं चार्टवर असतं. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षापासून डोक्यात भरवलेलं असतं, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. आणि याच पेशंटने सिस्टरच्या कमरेला हात घातला हे मात्र नर्सेस नोट्समध्ये येत नाही. "कागदावर आणू नका, उद्या फाइल बाहेर गेली तर?"

अरुणाचं नाव काढलं की सगळ्यांना मार्च २०११चा इच्छामरणाचा निकाल आठवतो. ४१ वर्षांहून जास्त काळ कॉटवर काढून १८ मे २०१५ला ती गेली, हेही ठाऊक असतं. खटल्याचं काय झालं ते विचारा. २७ नोव्हेंबर १९७३. तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि लैंगिक अत्याचार केला. शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांबद्दल, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. तिचं लग्न ठरलेलं होतं, बदनामी नको, म्हणून ते कागदावर येऊ दिलं नाही असं सांगतात. हेतू वाईट नसेलही. पण न लिहिलेल्या त्या ओळीचा फायदा कुणाला झाला?

आमच्याकडे तक्रार समिती आहे. जिन्याखाली बोर्ड लावलाय, त्यावरच्या अध्यक्षबाई केव्हाच रिटायर झाल्या. एका मुलीने धीर करून अर्ज दिला तर तोंडी उत्तर मिळालं, पेशंट हा आपला कर्मचारी नाही, सबब आमच्या कक्षेत येत नाही.

तुमच्याकडे काय करतात? नर्सेस, डॉक्टर, पेशंटची माणसं, सगळ्यांनी लिहा. हॉस्पिटलची नावं नकोत.

शंकासुर

सहानुभूती आहे, पण दुसरी बाजू मांडतो. माझ्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, वय ७८. दुसऱ्या रात्री ते सिस्टरला माझ्या आईच्या नावाने हाका मारायला लागले, हात धरून ओढलं, अंगावरचे कपडे फेकून दिले. जन्मभर मास्तरकी केलेला, गावात मान असलेला माणूस. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. त्यांच्या फाइलवर काय लिहिणार होतात, विनयभंग? आणि हा फरक रात्री तीनला कोण करणार, नुकतीच पास झालेली मुलगी?

भूलतज्ज्ञ

हो, तीच करते. आम्हाला फोन येईपर्यंत तिनेच केलेला असतो.

शंकासुर, तुमच्या वडिलांना झालं त्याला डिलिरियम म्हणतात आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत ते फार दिसतं. सोडियम खाली आलेलं असतं, लघवी तुंबलेली असते, इन्फेक्शन असतं, किंवा रोज घेणाऱ्याची दारू एकदम बंद झालेली असते. वार विचारला तर सांगता येत नाही. दिवसा बरा, रात्री बिघडतो. सलाईन उपटतो, भिंतीवर मुंग्या दिसतात. असा पेशंट निवड करत नाही. तो सिस्टरला धरतो, मामालाही धरतो आणि मला एकदा कानाखाली मिळालेली आहे. जो नेमकी नवीन मुलगी ड्युटीवर असतानाच बेल मारतो आणि राऊंडला सर आले की हात जोडून बसतो, त्याचं डोकं ठिकाणावर असतं.

सगळंच इतकं सरळ नसतं, हे मान्य. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागलेला पेशंट बोलायला चालायला नीट असूनही लाज सोडून वागू शकतो. काही डिमेन्शियात तसंच. तिथे मलाही दोनदा विचार करावा लागतो.

पण माझा मुद्दा रातपाळींच्या बाजूचाच आहे. दोन्ही प्रकारांत लिहायलाच पाहिजे. तुमच्या वडिलांच्या फाइलवर "३ वाजता पेशंटने सिस्टरचा हात धरून ओढला, पत्नीच्या नावाने हाक मारली, वेळ व जागा सांगता येत नाही" एवढं असेल तर आम्ही तेव्हाच सोडियम आणि शुगर बघतो. "पेशंट अस्वस्थ" असं लिहिलं की सकाळपर्यंत कुणी ढुंकून बघत नाही. नोटमध्ये विनयभंग हा शब्द येतच नाही. काय झालं तेवढं लिहायचं. तो आजार आहे की हलकटपणा हे नंतर ठरतं, आणि ते ठरवायलाही तोच कागद लागतो.

शंकासुर

हे पटलं. त्या रात्री आम्हाला कुणी समजावून सांगितलं असतं तर त्या सिस्टरशी माझं भांडण झालं नसतं. ती एवढंच म्हणत होती, "तुमच्या पेशंटला सांभाळा."

माजी_परिसेविका

आता सगळे इन्चार्जवर तुटून पडतील, म्हणून आधीच लिहिते. "सोडून दे" असं मीही म्हणायचे, आणि त्याला कारणं होती.

साठ पेशंटचा वॉर्ड, खाली जमिनीवर गाद्या टाकलेले वेगळे. रात्रीला दोन सिस्टर आणि तीन वॉर्डांत मिळून एक मामा. नर्सिंग कौन्सिलचा नियम सांगतो की शिकाऊ हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स. तो नियम आम्ही परीक्षेत लिहिला, वॉर्डात कधी बघितला नाही. अशा वेळी एक मुलगी चौकीत जाऊन बसली तर तिच्या तीस पेशंटची इंजेक्शनं कोण देणार? आणि दुसऱ्या दिवशी त्या पेशंटचे दहा जण येऊन काचा फोडणार, नगरसेवकाचा फोन येणार, मेट्रन मला विचारणार, तुमच्याच वॉर्डात कसं होतं हे सगळं?

अजून एक, जे रातपाळीने लिहिलं नाही. कितीदा तर मुलीच हातापाया पडतात, मॅडम लिहू नका. घरी कळलं तर वडील म्हणतील, बस झाली नोकरी. लग्न ठरत असेल तर बघायलाच नको. नर्स म्हणजे रात्रपाळी, परक्या पुरुषाच्या अंगाला हात, हे आधीच लोकांच्या तोंडी असतं. त्यात हा कागद.

मी माझ्या परीने सांभाळलं. पुरुषाचं कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर दोघींनी जायचं किंवा ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, बोलवायचं. आणि एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला शिकवली. कुजबुजायचं नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "काका, हात खाली घ्या." शिवी नाही, वाद नाही, फक्त आवाज. आजूबाजूच्या कॉटवर सगळे बघायला लागतात आणि काकांचा हात तिथल्या तिथे बरा होतो.

अरुणाबद्दल. ती तळघरात गेली होती ती कपडे बदलायला. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी काम बंद ठेवलं होतं, ते आमच्या सिनियर सांगायच्या. आज आपापल्या हॉस्पिटलात जाऊन बघा, चेंजिंग रूमला आतून चालणारी कडी आहे का.

रातपाळी

मॅडम, तुमच्या आवाजाची युक्ती आम्हालाही आमच्या ट्यूटरनी शिकवली आणि ती चालते. बाकीचं पटत नाही. माणसं कमी आहेत म्हणून लिहायचं नाही, आणि लिहिलेलं काही नसतं म्हणून "रात्री जास्त स्टाफ द्या" ही मागणी वर जाताना हातात पुरावा नसतो. पोलिसांत जाणं आणि वॉर्डात नोंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला अर्धी शिफ्ट लागते, दुसरीला पाच मिनिटं.

आणि काचा फोडतील म्हणून गप्प बसायचं, तर मग ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाल्यावर आपण मेणबत्त्या कशाला लावल्या? तेव्हा सरन्यायाधीशांनी अरुणाचं नाव घेतलं होतं. सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. आमच्याकडे सीसीटीव्ही आले, गेटवर जादा गार्ड आले. सगळं बाहेरून कुणीतरी येणार आहे असं धरून. आत कॉटवर झोपलेल्याला कुठला गार्ड अडवणार?

कोर्टाची_पायरी

कायद्याचं थोडं लिहिते, कारण "पेशंट आमच्या कक्षेत नाही" हे उत्तर मी अनेक ठिकाणी ऐकलंय आणि ते अर्धवट आहे.

२०१३चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत हॉस्पिटल आणि नर्सिंग होम नाव घेऊन लिहिलंय. कलम १९ मालकाची कर्तव्यं सांगतं. त्यातलं पहिलंच असं की कामाच्या जागी ज्यांच्याशी संबंध येतो त्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवायचं. हॉस्पिटलात संबंध कुणाशी येणार, पेशंट आणि नातेवाईकांशीच ना? त्याच कलमात पुढे आहे की छळ करणारा कर्मचारी नसला आणि बाईची इच्छा असली तर फौजदारी कारवाई सुरू करून देणं हेही मालकाचं काम. म्हणजे तिने एकटीने चौकीची पायरी चढायची नाही, हॉस्पिटलने तिच्याबरोबर जायचं. समितीने हात वर केले तर अर्ज थेट डीन किंवा अधीक्षकांच्या नावाने द्या, कलम १९चा उल्लेख करा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

तोंडी उत्तर घेऊ नका. तोंडी नकाराला अपील नसतं.

खाजगीत "सर आमचे पगारी नाहीत, व्हिजिटिंग आहेत" असं सांगतात. कर्मचाऱ्याची व्याख्या इतकी रुंद आहे की त्यात कंत्राटी, रोजंदारीवरचा, मानधन न घेणारासुद्धा येतो. खरी अडचण कायद्याची नसून धंद्याची असते. महिन्याला वीस केसेस आणणाऱ्या सर्जनला कोण दुखावणार, नर्स काय, दुसरी मिळते. छोट्या नर्सिंग होममध्ये डॉक्टरच मालक असतो. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रारच मालकाविरुद्ध असेल तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा, कलेक्टर कचेरीत चौकशी करा. शी-बॉक्स पोर्टलवरूनही करता येते.

मुदत घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मुली सगळ्यात जास्त इथे अडकतात, कारण त्या नोकरीचा बाँड संपायची वाट बघतात.

फौजदारी बाजू वेगळी चालते. हात लावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७४ किंवा ७५, नुसतं अश्लील बोलला तरी ७५, मागे लागला तर ७८. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मारहाण, धमकी असेल तर महाराष्ट्राचा २०१०चा डॉक्टरांवरच्या हल्ल्याचा म्हणून ओळखला जाणारा कायदा नर्सनाही लागू आहे.

तिरफळ

पणजीहून. वरच्या वकीलबाईंना पुरवणी. मे २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कायद्याच्या अंमलबजावणीवर सरकारांना चांगलंच फैलावर घेतलं, आणि समित्या आहेत की नाहीत ते तपासा, त्यांची नावं-फोन वेबसाइटवर टाका असं सांगितलं. तो निकाल आमच्या गोवा विद्यापीठातल्या प्रकरणातला. गंमत म्हणजे तिथे समितीने चौकशी इतकी घाईने उरकली होती की कोर्टाला ती परत करायला लावावी लागली. समिती नसणं एक, आणि असून धड न चालवणं दुसरं. दुसऱ्यात तक्रारदार मुलींना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

संपादक मंडळ

हॉस्पिटल आणि डॉक्टरचं नाव असलेला एक प्रतिसाद काढला आहे. तक्रारदार ओळखू येईल असे तपशील कृपया लिहू नका.

उपकेंद्र

तुमच्याकडे वॉर्ड तरी आहे. ओरडलं तर साठ माणसं ऐकतात. मी एएनएम, म्हणजे गावातल्या उपकेंद्राची नर्स. उपकेंद्राला लागूनच क्वार्टर, गाव अर्धा किलोमीटर लांब, रात्री लाईटचा पत्ता नाही. पोलिओ, गृहभेटी, बाळंतिणी, सगळं पायी. आशाताई बरोबर असली तर बरं, नाहीतर एकटीच. रात्री दार वाजलं तर उघडावंच लागतं, डिलिव्हरीची बाई असली तर काय घ्या. आणि गावातल्या पोरांना हे बरोब्बर माहीत. "सिस्टर, पोटात दुखतंय" म्हणून दोनदा दार वाजवलं, तोंडाला दारूचा वास. तिसऱ्यांदा मी खिडकीतूनच विचारलं, पोट कुणाचं, नाव सांग, वय सांग, रजिस्टरला लिहिते. पळालं.

हे चिल्लर झालं. जड जातो तो आपलाच साहेब. आम्ही कंत्राटी, ऑर्डर अकरा महिन्यांची. ती पुढे सरकवायला कुणाची तरी सही लागते, आणि ज्याची सही लागते तो मीटिंग संपल्यावर थांबायला सांगतो. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर "जेवलीस का" येतं. आता यात छळ काय आहे, सांगा. एखाद्या भल्या माणसानेही विचारलं असतं. पण तो फक्त दोन मुलींना विचारतो आणि दोघींच्या ऑर्डरी मार्चमध्ये संपतात.

त्याच्याविरुद्ध अर्ज करायचा तर तो व्हाया प्रॉपर चॅनल. म्हणजे त्याच्याच टेबलावरून.

कोर्टाची_पायरी

@उपकेंद्र, लैंगिक छळाची तक्रार प्रॉपर चॅनलने करायची नसते. थेट समितीकडे करायची. जिल्हा परिषदेची समिती आहे, ती उभी करत नसेल तर कलेक्टरकडची. "जेवलीस का" चे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे ठेवा, त्याला उत्तर दिलं असेल नसेल तसेच ठेवा, मधलं काही डिलीट करू नका. एकटा मेसेज काहीच सांगत नाही, वीस मेसेज आणि ऑर्डर संपायची तारीख शेजारी ठेवली की सांगतात. चौकशी चालू असताना त्याची किंवा तुमची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा, असं समिती सुचवू शकते. ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. आणि शक्य असेल तर त्या दुसऱ्या मुलीशी बोला.

वॉर्डातला_ब्रदर

आमचं कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. मी मेल नर्स. असा पेशंट निघाला की सगळ्या सिस्टर माझ्या नावाने हाक मारतात आणि मी जातो. जायलाच पाहिजे, तक्रार नाही. पण याचा अर्थ वॉर्डातला प्रत्येक हलकट माझ्या यादीत, आणि माझे पेशंट मागे राहतात. हे ड्युटी चार्टमध्ये दिसत नाही.

दुसरं. पुरुष नर्सला त्रास झाला, आणि होतो, पेशंटच्या बायकांकडून नाही म्हणत मी, सिनियर पुरुषांकडून, तर पॉश लागू नाही. तो कायदा बायकांसाठी आहे. ज्युनियर असताना मी काय ऐकलंय ते इथे लिहिणार नाही.

शंकासुर

मग कायदा सगळ्यांसाठी का करत नाहीत? हेच मी कायम म्हणतो.

रातपाळी

शंकासुर, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते तिथे. ब्रदर, तुमचा पहिला मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नोंद असेल तर तुमचंही जास्तीचं काम दिसेल.

बर्मिंगहॅमकर

इथे सोळा आणे सगळं छान आहे असं समजू नका. पेशंटचे हात इथेही तसेच चालतात, फक्त वर सॉरी म्हणतात. पण दोन फरक सांगते. एनएचएसने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, सप्टेंबर २०२३मध्ये लैंगिक सुरक्षिततेची सनद काढली, आणि २६ ऑक्टोबर २०२४पासून कायद्यानेच मालकावर जबाबदारी टाकलीय की छळ झाल्यावर बघू असं नाही, होऊ नये म्हणून आधी वाजवी पावलं उचलायची. ती उचलली नाहीत आणि कर्मचारी दाव्यात जिंकली तर भरपाई पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पैशाची गोष्ट आली की मॅनेजर जागे होतात.

आमच्या वॉर्डात असा प्रकार झाला की ऑनलाइन इन्सिडेंट फॉर्म भरतो. नाव पेशंटचं, पण प्रश्न वॉर्डाला विचारतात, त्या वेळी किती स्टाफ होता, ती एकटी का गेली. पेशंटला लेखी ताकीद जाते. फार झालं तर त्याच्या रेकॉर्डवर खूण येते, म्हणजे पुढच्या वेळी तो दुसऱ्या वॉर्डात आला तरी दोघी जातात. आपल्याकडे डिस्चार्ज झाला की पाटी कोरी.

आणि तरीही आमच्यातल्या भारतातून नव्या आलेल्या मुली फॉर्म भरत नाहीत. व्हिसा हॉस्पिटलच्या नावावर असतो. उपकेंद्रताईंची मार्चची ऑर्डर आणि यांचा व्हिसा, एकच जात.

थर्ड_इयर

मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आहे. सगळे प्रतिसाद वाचले. आमच्या पोस्टिंगला आम्ही स्टाफ नाही, स्टुडंट. नोट्सवर आमची सही चालत नाही, सिस्टरची लागते. त्यांनी लिहायला नाही म्हटलं तर? आणि कॉलेजला सांगितलं की प्राचार्य म्हणतात हॉस्पिटलला सांगा, हॉस्पिटल म्हणतं कॉलेजला सांगा. इंटरनल मार्क दोघांच्या हातात. मागच्या महिन्यात एका पेशंटने माझ्या मैत्रिणीबरोबर स्पंजिंगच्या (अंग पुसण्याच्या) वेळी जे केलं त्यानंतर ती पोस्टिंगला यायला घाबरते, गैरहजेरी लागतेय.

माजी_परिसेविका

बाळ, आधी तिला एकटीला स्पंजिंगला पाठवायचंच नव्हतं. शुद्धीवर असलेल्या, हात हलवणाऱ्या पुरुष पेशंटचं स्पंज विद्यार्थिनीने पडदा ओढून एकटीने करायचं नसतं. त्याला टॉवेल द्यायचा, जमेल तेवढं स्वतः पुसू द्यायचं, पाठ तेवढी आपण. हे तुमच्या प्रोसिजर बुकातही असेल. क्लिनिकल इन्स्ट्रक्टर कुठे होत्या?

कोर्टाची_पायरी

प्रशिक्षणार्थी त्या कायद्यात येतात आणि कॉलेजचीही स्वतःची समिती असली पाहिजे. टोलवाटोलवी थांबवायची तर एकच अर्ज, दोघांच्या नावे, दोन्हीकडे आवक शिक्का. मैत्रिणीला लिहायला जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, कलम ९ तसं सांगतं. मागच्या महिन्यात म्हणजे मुदतीत आहे, पण तिला बसून राहू देऊ नका. आणि पुरावा नाही म्हणून खोटी तक्रार धरतील अशी भीती घालतील, ती घालू देऊ नका. सिद्ध झाली नाही म्हणजे खोटी, असं कायद्यात नाही.

रातपाळी

थर्ड इयर, नोट्सवर तुझी सही चालत नसली तरी स्वतःच्या वहीत लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. विशेषणं नकोत. "सायं. ६.४०, कॉट १४, स्पंजिंग चालू असताना पेशंटने उजव्या हाताने माझी मांडी धरली. मी 'हात काढा' म्हटलं. त्याने काढला नाही. मी बाजूला झाले. पेशंट पूर्ण शुद्धीत, नाव-वार बरोबर सांगतो. ६.४५ला सिस्टर इन्चार्जना सांगितलं. त्या म्हणाल्या सोडून दे." शेवटचं वाक्यही लिहायचं. हॉस्पिटलच्या नोंदी, पेशंटचं नाव असले कागद घरी न्यायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत, फक्त तुझं म्हणणं. भूलतज्ज्ञ, काही राहिलं का?

भूलतज्ज्ञ

वार विचारलेला असतो का हे नेहमी बघतो मी, त्यामुळे ते आहे हे उत्तम. त्या आधी झोपेचं किंवा गुंगीचं काही दिलं होतं का आणि किती वाजता, एवढं जोडा. पेशंटचा वकील तिथूनच सुरुवात करेल.

थर्ड_इयर

साधी वही चालेल का? की स्टॅम्प वगैरे?

कोर्टाची_पायरी

साधीच. पानांना आधी नंबर घालून घे, मध्ये कोरी पानं सोडू नको, आणि त्याच रात्री लिही. मैत्रिणीचं तिने स्वतःच्या हाताने लिहायचं, तू नाही. तुझ्या वहीत फक्त तू काय पाहिलंस आणि तिने तुला केव्हा सांगितलं तेवढंच. अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) कर.